पोरं उत्तर आधी लिहितात आणि प्रयोग नंतर करतात, काय करू?

खडू_आणि_डस्टर:
नमस्कार मंडळी. मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. वैज्ञानिक पद्धती दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी तेच, निरीक्षण-गृहीतक-प्रयोग-निष्कर्ष हे पोरं घडाघडा म्हणून दाखवतात, पेपरात लिहितात, मार्कही मिळवतात, आणि प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न "मॅडम, उत्तर किती यायला पाहिजे?"
मागच्या आठवड्यात साधा दोलक (दोऱ्याला टांगलेला गोळा) दिला होता, वस्तुमान बदललं की दोलनकाल, म्हणजे एका दोलनाला लागणारा वेळ, बदलतो का बघा म्हटलं. एका गटाला बदलतो असं दिसलं. पुस्तकात तर बदलत नाही असं छापलंय, मग काय, सगळी रीडिंग खोडली आणि शेजारच्या गटाची उतरवून घेतली. वही दाखवताना चेहरे इतके निरागस की विचारू नका. मी रागवायला तोंड उघडलं आणि गप्प बसले, कारण कॉलेजात असताना मीही जर्नल पूर्ण करायला उलटं गणित करून रीडिंग बसवलीयेत.
तर प्रश्न असा, की प्रयोग करून बघणं नाही तर प्रयोगाची आखणी करणं कसं शिकवायचं? साहित्य बेताचं आहे, तास ३५ मिनिटांचा, पोरं भरपूर.

रिकामी_परीक्षानळी:
अहो मॅडम ती खोडलेली रीडिंग म्हणजे सोनं होतं! मला जवळजवळ खात्री आहे काय झालं असणार. पोरांनी दोरा २५ सेंमी मोजला तो हुकापर्यंत. मग छोटा नट काढून मोठा गोळा लावला, दोरा तोच. पण दोलकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते, आणि मोठ्या गोळ्याचा मध्य हुकाच्या ३ सेंमी खाली असेल तर लांबी झाली २८. २५ ला एक दोलन साधारण १ सेकंदाचं, २८ ला १.०६ चं. दहा दोलनांना अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त फरक, साध्या स्टॉपवॉचवर सरळ दिसतो. म्हणजे पोरांनी बघितलं ते बरोबरच बघितलं, फक्त त्यांना वाटत होतं आपण एकच गोष्ट बदलतोय आणि बदलल्या दोन.
"एका वेळी एकच चल बदला" हे वाक्य फळ्यावर शंभरदा लिहिलं तरी डोक्यात शिरत नाही, असं एकदा फसल्यावर शिरतं. त्या गटाला पुन्हा बोलवा. उत्तर सांगू नका, एवढंच विचारा की गोळा बदलला तेव्हा अजून काय काय बदललं, सगळी यादी करा. यादीत रंग आला तरी येऊ दे, आकार, सोडणारा हात, सगळं. मग त्यातली एकेक गोष्ट कशी तपासणार ते त्यांनाच ठरवू दे, झाली की आखणी.
आणि खोडायचं नाही हा नियम करा. पेन्सिल बंद, पेननेच लिहायचं, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी कारण.

कागदी_विमान:
साहित्य नाही म्हणताय तर हे करून बघा, फळा आणि खडू पुरे. पीटर वॅसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये वापरलेलं कोडं आहे. फळ्यावर २, ४, ६ लिहायचं, सांगायचं की हे त्रिकूट माझ्या मनातल्या एका नियमात बसतं, तुम्ही दुसरी त्रिकूटं सुचवा, मी फक्त हो किंवा नाही म्हणेन. पोरं लगेच ८-१०-१२. हो. २०-२२-२४. हो. वर्ग ओरडतो "दोन-दोनने वाढणारे सम अंक!" नाही. मग भयाण शांतता.
नियम इतकाच असतो की अंक चढत्या क्रमाने हवेत. १-२-३ चालतं, ५-९०-९१ पण चालतं. पण कोणी ते विचारतच नाही, कारण जो तो आपलं म्हणणं खरं ठरवणारीच उदाहरणं देतो, खोटं पडेल असं एखादं टाकून बघावं हे सुचत नाही (मोठ्यांनाही नाही, मी स्टाफरूममध्ये करून बघितलंय, तिथे तर भांडणं झाली). यानंतर गृहीतक लिहायला लावलं की पुढची ओळ सक्तीची करायची, "काय दिसलं तर मी हे चुकलं असं मानेन". ही ओळ ज्याला लिहिता येत नाही त्याचं गृहीतकच कच्चं आहे.

जुना_लॅबवाला:
थोडा विरोध नोंदवतो. पायऱ्या अगदीच निकामी नाहीत हो, नवशिक्या पोराला धरायला कठडा लागतो. फक्त त्या खऱ्या प्रयोगाला लावून दाखवा. जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातल्या डॉक्टरचा घ्या, १७४७ साल, जहाजावर स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार) झालेले १२ खलाशी, दोन-दोनच्या सहा जोड्या, सगळ्यांचं रोजचं जेवण सारखं आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय. संत्री-लिंबं मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. गोष्ट इथपर्यंत सगळेच सांगतात. मी पुढे वर्गालाच विचारतो की यात खोट काढा. पोरं सोडत नाहीत! जोडीत दोघंच का, ते दोघं आधीच कमी आजारी असतील तर, कोणाला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं का. सॅम्पल साइज आणि रँडमायझेशन हे शब्द मी उच्चारायच्या आधी पोरं तिथे पोचलेली असतात.
आणि हेही सांगा की लिंडने १७५३ मध्ये पुस्तक छापलं तरी ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस सरसकट सुरू व्हायला १७९५ उजाडलं.

रात्रीचं_आकाश:
वरच्या सगळ्याला +१, पण प्रयोग म्हणजेच विज्ञान असं पोरांना वाटू देऊ नका प्लीज. ग्रह काय प्रयोगशाळेत आणून लांबी बदलता येत नाही. युरेनसची कक्षा गणिताशी जुळेना तेव्हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए म्हणाला पलीकडे एक ग्रह असणार, आणि १८४६ मध्ये त्याने सांगितलेल्या जागेजवळच नेपच्यून सापडला. मग बुध जुळेना तर त्याने तोच डाव टाकला, सूर्याजवळ अजून एक ग्रह आहे म्हणाला, नावसुद्धा ठेवून झालं, व्हल्कन. सापडलाच नाही, कारण असा ग्रह नव्हताच, उत्तर १९१५ मध्ये आइनस्टाइनच्या सिद्धांतातून आलं. माणूस तोच, युक्तिवाद तोच, एकदा लागला एकदा फसला. हे कोणत्या पायरीत बसवणार?

खडू_आणि_डस्टर:
सगळ्यांचे आभार, करून बघितलं म्हणून परत आले. त्या गटाला बोलावलं, आधी घाबरले, मग यादी केली, आणि लांबी हा मुद्दा तिसऱ्या मिनिटाला त्यांनीच काढला. दोरा कमी करून मध्यापर्यंत २५ केला आणि फरक गायब! वर्गभर मिरवत होते.
दुसऱ्या एका गटाची दहा दोलनं सारखी ९ सेकंदात होत होती, ते मी सोडवणार होते पण या मिरवणाऱ्यांनीच पकडलं, दोलक सोडतानाच "एक" म्हणत होते, म्हणजे मोजली नऊच. शून्य म्हणून सोडायचं हे आता वर्गाने ठरवलंय.
पण एक अडलंय. एका मुलीने मुद्दाम खूप वर नेऊन सोडला, साठेक अंश, आणि म्हणते वेळ जास्त येतोय. पाचदा केलं, पाचही वेळा जास्त. आता हिचं काय चुकतंय?

रिकामी_परीक्षानळी:
तिचं काहीच चुकत नाहीये 😀 साठ अंशाला दोलनकाल साधारण ७ टक्क्यांनी वाढतो. हवेमुळे कोन हळूहळू कमी होतो म्हणून दहा दोलनांत फरक थोडा कमी दिसेल, पण दिसेल. कोनाचा फरक पडत नाही हे फक्त लहान कोनांपुरतं खरं आहे.

खडू_आणि_डस्टर:
पुस्तक उघडून बघितलं आत्ता. "विस्थापन लहान असल्यास" असं आहे त्या वाक्यात. इतकी वर्षं मोठ्याने वाचून दाखवतेय मी ते. उद्या १० पासून ६० अंशांपर्यंत पाच-पाच रीडिंग घ्यायची असं तिनेच ठरवलंय, कोन मोजायचा कसा यावर सध्या वाद चालू आहे.