फामागुस्ताचं कॅथेड्रल मशीद झाल्यामुळेच टिकलं का?

सागरवेडा:
सायप्रसमधल्या फामागुस्ताचं संत निकोलस कॅथेड्रल म्हणजे आजची लाला मुस्तफा पाशा मशीद. १५७१ मध्ये तुर्कांनी वेढा घालून गाव व्हेनिसकडून जिंकलं; तेव्हा त्यांनी ते ताब्यात घेऊन वापरात ठेवलं नसतं, तर आज नुसत्या भिंती दिसल्या असत्या. त्याच गावातलं ग्रीकांचं सेंट जॉर्ज चर्च बघा. वेढ्यात तोफांनी फुटलं, तसंच बिनछताचं उभं आहे.

खडूस:
वा! तोफा त्यांच्याच, आणि वाचवल्याचं श्रेयही त्यांनाच? रंगीत काचा गेल्या, मूर्ती गेल्या, आतून चुना फासला. वर नाव कुणाचं, तर वेढा घालणाऱ्या सेनापतीचं! शरण आलेल्या व्हेनिसच्या सेनापतीची, ब्रागादिनची, जिवंतपणी कातडी सोलली ती याच्याच हुकमाने.

सागरवेडा:
नाव १९५४ चं आहे हो. आधी हिलाही, इस्तंबूलच्या मशिदीसारखं, अयासोफ्याच म्हणत.

दगडविटा:
भांडण बाजूला ठेवून जरा वास्तू बघा. १२९१ मध्ये पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरचं क्रुसेडरांचं अक्का शहर पडलं, तिथले व्यापारी फामागुस्तात आले, गावात पैसा खेळू लागला आणि त्यातून हे उभं राहिलं. सायप्रसचे लुसिन्यान घराण्याचे राजे इथे जेरुसलेमचे राजे म्हणून मुकुट घालून घेत, जेरुसलेम हातात नसताना! दर्शनी बाजू थेट फ्रान्समधल्या रॅंसच्या कॅथेड्रलची आठवण करून देते, छत मात्र सपाट. मला सगळ्यात आवडते ती आतली गंमत. चर्चची वेदी पूर्वेला, मक्का दक्षिणेकडे. त्यामुळे मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, बाजूच्या भिंतीत, आणि नमाजाच्या रांगा इमारतीच्या लांबीच्या दिशेने जातात. खडूस, तुम्ही चुन्यावर चिडता, पण त्या पांढऱ्यात कमानींची प्रत्येक रेघ उठून दिसते. मूर्तींचं नुकसान मात्र मान्य.

खडूस:
रेघा दिसतात म्हणून चुन्याचे आभार मानायचे? आणि वापरामुळेच टिकतं म्हणता, तर जवळची सिनान पाशा मशीद घ्या. तेही मूळचं चर्चच. इंग्रजांच्या काळात तिथे धान्य भरत, लोक गव्हाची मशीद म्हणत. तीही उभी आहे. म्हणजे वापर हवा, नमाजच हवा असं नाही. संग्रहालय करा.

सागरवेडा:
अहो, धान्य भरेपर्यंतची तीनशे वर्षं ती मशीदच होती ना! आणि संग्रहालयाचा टिळा तरी कुठे कायमचा असतो? इस्तंबूलच्या अयासोफ्याचं १९३४ मध्ये संग्रहालय ठरलं, २०२० मध्ये पुन्हा मशीद झाली.

खडूस:
ते सरकारचं राजकारण. त्यात फामागुस्ताच्या दगडांचा काय दोष?