फेरिक-फेरस (लोहाचे +३ आणि +२ आयन) जोडीचे पोटेंशियल (विभव) तक्त्यापेक्षा ९८ मिलिव्होल्टने कमी का येते?

रबाळे_लॅब:
०.१ मोलर फेरस अमोनियम सल्फेट आणि ०.१ मोलर फेरिक अमोनियम सल्फेट एकाच फ्लास्कमध्ये, १ मोलर सल्फ्युरिक ॲसिडात. प्लॅटिनमची तार आणि संपृक्त कॅलोमेल (तुलनेचा इलेक्ट्रोड). मीटर ४३२ मिलिव्होल्टवर स्थिर. तक्त्यात प्रमाण क्षपण विभव ०.७७१ व्होल्ट दिले आहे. त्यातून कॅलोमेलचे ०.२४१ वजा केले तरी ५३० यायला हवेत, कारण दोन्ही आयन समान म्हटल्यावर नर्न्स्टच्या समीकरणातला (आयनांच्या गुणोत्तरावरून विभव काढायचे सूत्र) लॉग शून्य. फेरस हवेने ऑक्सिडाइझ झाले की कॅलोमेल गेला? लॅबमध्ये एसी नाही, तापमान ३० अंशांच्या आसपास असते.

घणसोली_इलेक्ट्रोड:
मीटर ठीक आहे, कॅलोमेलही ठीक आहे. हे ॲसिड ०.७७१ चे नाहीच.

आधी हवेचा संशय काढून टाका. फेरस ऑक्सिडाइझ झाले तर फेरिक वाढते आणि आकडा वर जातो; तुमचा खाली आहे. शिवाय १० टक्के फेरस गेले तरी फरक जेमतेम ५ मिलिव्होल्टचा. ९८ मिलिव्होल्टसाठी गुणोत्तर ४५ पट बिघडावे लागेल. ३० अंशांना कॅलोमेल २३८ च्या जवळ येतो, त्यामुळे तापमानाने थोडेफार हलेल, पण इतके नाही.

खरे कारण सल्फेट. ते फेरिकला घट्ट धरते, फेरसला सैल. तुम्ही दोन्ही सारखे तोलले, पण मोकळे फेरिक बरेच कमी उरले, आणि प्लॅटिनमला दिसते ते मोकळेच. त्यात आयनांच्या गर्दीचा परिणामही मिसळतो. म्हणून प्रत्यक्ष कामात त्या-त्या द्रावणातले ‘फॉर्मल’ पोटेंशियल वापरायचे. फेरिक-फेरससाठी १ मोलर पर्क्लोरिकमध्ये सुमारे ०.७३, हायड्रोक्लोरिकमध्ये ०.७०, सल्फ्युरिकमध्ये ०.६८, फॉस्फोरिकमध्ये ०.४४ व्होल्ट. उलटही घडते: फेनँथ्रोलिन फेरसला जास्त घट्ट धरते, म्हणून त्यांचे संयुग, फेरोइन, १.०६ व्होल्टवर जाते. सेरियमची उडी तर याहून मोठी: पर्क्लोरिकमध्ये १.७०, नायट्रिकमध्ये १.६१, सल्फ्युरिकमध्ये १.४४, हायड्रोक्लोरिकमध्ये १.२८. ॲसिडाचे नाव नसलेल्या आकड्यावर टायट्रेशन आखू नये.

वागळे_इस्टेट:
वरच्या उत्तराशी सहमत. एक भर: तुम्ही बनवलेले मिश्रण म्हणजे ओआरपी (ऑक्सिडीकरण-क्षपण विभव) इलेक्ट्रोड तपासायचे लाइटचे द्रावणच आहे. लिटरला फेरस अमोनियम सल्फेट (६ पाण्याचे) ३९.२१ ग्रॅम, फेरिक अमोनियम सल्फेट (१२ पाण्याचे) ४८.२२ ग्रॅम, तीव्र सल्फ्युरिक ५६.२ मिलि. २५ अंशांना कॅलोमेलशी ४३० आणि संपृक्त सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडशी सुमारे ४७६ मिलिव्होल्ट. तुमचा ४३२ म्हणजे उत्तम इलेक्ट्रोड. ॲसिड आधी पाण्यात हळूहळू घालून गार करा, मग क्षार विरघळवा. साध्या पाण्यात आधी फेरिक टाकले तर जलविच्छेदनाने तपकिरी गढूळपणा येतो.

आकडा सरकत राहिला तर पहिला संशय तारेवर: १:१ नायट्रिकमध्ये कोमट करून भरपूर पाण्याने धुवा. मग कॅलोमेल पाहा. तळाशी पोटॅशियम क्लोराइडचे खडे आहेत का, नळीत बुडबुडा अडकला आहे का, भरायच्या छिद्राचा रबर काढला आहे का? आतल्या द्रावणाची पातळी बाहेरच्यापेक्षा वर हवी. पर्क्लोरिकमध्ये मोजणार असाल तर जंक्शनमध्ये (कॅलोमेलचे आतले द्रावण बाहेरच्याला भेटते तिथे) पोटॅशियम पर्क्लोरेटचे स्फटिक बसून वाट बंद होते. तिथे बाहेरच्या कप्प्यात सोडियम क्लोराइड भरलेला डबल जंक्शन घ्या.

रबाळे_लॅब:
आभार. मग डायक्रोमेटच्या टायट्रेशनने लोहाचे प्रमाण काढताना फॉस्फोरिक घालतात ते याचसाठी?

घणसोली_इलेक्ट्रोड:
हो. त्यातला इंडिकेटर, डायफेनिलअमाइन सल्फोनेट, ०.८५ व्होल्टच्या जवळ रंग बदलते. हायड्रोक्लोरिकमध्ये, ०.७० धरून, त्या क्षणी सुमारे ०.३ टक्के फेरस अजून शिल्लक असते. म्हणजे लोह कमी दाखवणार. फॉस्फोरिकने फेरिक बांधले की विभव खाली येते, उडी मोठी होते आणि फेरिकचा पिवळा रंगही जातो. मिश्रण असे: ७०० मिलि पाण्यात १५० मिलि सल्फ्युरिक हळूहळू, गार झाल्यावर १५० मिलि फॉस्फोरिक. त्यातले फ्लास्कला २० मिलि, इंडिकेटर ०.२ टक्क्याचे ५-६ थेंब. फॉस्फोरिक घातल्यावर लगेच टायट्रेट करा, कारण विभव उतरल्याने फेरस हवेला लवकर बळी पडते. तुमचा हवेचा संशय तिथे खरा ठरतो.

वागळे_इस्टेट:
तांब्याच्या आयोडोमेट्रीत (मोकळ्या झालेल्या आयोडीनवरून तांबे मोजताना) हेच दोनदा दिसते. क्युप्रिक-क्युप्रस (तांब्याचे +२ आणि +१ आयन) जेमतेम ०.१५, आयोडीन ०.५४, तरी तांबे आयोडाइडचे ऑक्सिडीकरण करते, कारण क्युप्रस आयोडाइड साक्यात निघून जाते आणि विभव ०.८६ पर्यंत चढते. नमुन्यात लोह असेल तर तेही आयोडीन मोकळे करून तांबे जास्त दाखवते. १-२ ग्रॅम अमोनियम बायफ्लोराइडने लोह बांधले जाऊन गप्प बसते आणि पीएच ३.५ च्या जवळ राहतो. ४ च्या वर गेला तर टायट्रेशनचा शेवट रेंगाळतो, रंग परत परत येतो. हातमोजे सक्तीचे, आणि फ्लास्क काम झाल्याबरोबर रिकामा करून धुवा. फ्लोराइड काच खाते.