उजनीच्या काठाला ‘खाजण’ म्हणायचं का?

भीमाकाठ: उजनी धरणाचं पाणी उतरलं की करमाळ्याच्या बाजूला उघड्या पडणाऱ्या चिखलाला काही जण लिहिताना ‘खाजण’ म्हणतात. माझ्या मते साफ चूक. खाजण म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्याखाली जाणारी खाडीकाठची चिखलट जमीन. तिथे पाणी दिवसातून दोनदा चढतं, उजनीत वर्षातून एकदा, आणि तेही गोडं. ‘गाळपेर’ (पाणी उतरल्यावर पेरा होणारी गाळाची जमीन) हा घरचा शब्द असताना कोकणातून उसनवारी कशाला?

चिखल्या: शब्द म्हणजे काय सातबारा आहे, नाव चढल्याशिवाय वापरायचा नाही? गाळपेर म्हटलं की हरभरा नि चारा दिसतो, काठावरचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दिसत नाहीत. शिवाय कोकणातही अर्थ एक नाहीच. तिवरांचा चिखल खाजण, आणि बांध घालून भाताखाली आणलेली जमीनही खाजण.

उघाडी: अर्थ दोन, पण खारं पाणी दोन्हीकडे. बांधात झडपेचं दार असतं. रायगडकडे उघाडी, गोव्यात मानस. भरतीच्या दाबाने झडप आपसूक मिटते, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. पहिल्या पावसांनी मीठ धुतलं की मगच भातलावणी. झडपेत ओंडका अडकला किंवा खेकड्यांनी पोखरून बांधाला खांड पडली की खारं पाणी आत, आणि ते मीठ पुन्हा धुऊन निघेपर्यंत पीक नाही. यातलं काय आहे उजनीला?

अक्कलकोटी: कारवार-कुमट्याकडे अशाच जमिनीला ‘गजनी’ म्हणतात, खारं पाणी सोसणारा कग्गा भात तिथलाच. अट तिथेही भरतीचीच. अवांतर संपलं.

काळी माती: पक्ष्यांपुरतं एकवेळ चालेल. पण उसाच्या रानात पांढरा थर दिसला की ‘रानाचं खाजण झालं’ म्हणाल तर घात आहे. मीठ धुण्याचा उपाय खारवट जमिनीला चालतो, तोही निचरा असेल तर. चोपण, म्हणजे सोडियम साचलेली जमीन, वेगळी: सामू (pH) ८.५ च्या वर, विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेला) सोडियम १५ टक्क्यांच्या वर. तिथे नुसतं पाणी भरलं तर विरघळणारे क्षार जातात, सोडियम मातीला धरून राहतो. मग चिकणमातीचे कण सुटतात, छिद्रं बुजतात, पाणी तुंबतं. आधी चर काढा. मग माती परीक्षणात येईल तेवढं जिप्सम शेणखतासोबत वरच्या १५-२० सेंमी थरात मिसळा. पाणी सगळ्यात शेवटी.

चिखल्या: चोपणाला मीही खाजण म्हणणार नाही. (चुनखडीच्या रानात जिप्समऐवजी गंधकही चालतं, तेवढं जोडा.) पण काठाचं काय? पाणी उतरल्या उतरल्या तिथे गुडघाभर चिखल असतो, पेरा झालेलाच नसतो. मग गाळपेर कशी?

भीमाकाठ: पाय रुतायचा थांबला, पेरा झाला की गाळपेर. तोवर नुसता गाळ.

चिखल्या: ‘रोहित गाळात’ असा मथळा देऊन बघा. लोक विचारतील, कर्ज किती झालं.