शब्दचर्चा : अर्थ लागणे, लावणे, काढणे, लादणे

प्रश्न (पणजी) : काल सिनेमा पाहून मांडवीच्या काठाने चालत परतताना आमच्या घरात वाद झाला. नायिका सारखी पिवळी साडी का नेसते, भिंतीवरचं घड्याळ बंद का, याचे भाचीने इतके अर्थ सांगितले की भावोजी म्हणाले, ‘हे सगळं तुझ्या डोक्यातलं, सिनेमातलं नव्हे.’ नसलेला अर्थ शोधण्याला मराठीत नेमका शब्द कोणता? ‘गर्भितार्थ’ चालेल?

उत्तर (फोंडा) : ‘गर्भितार्थ’ नको. गर्भित म्हणजे आत असलेला, आणि तुम्हाला बाहेरून घातलेल्याचं नाव हवंय. ‘ध चा मा’सुद्धा नको, कारण तिथे मूळ अक्षरच बदलतं. ‘बादरायण संबंध’ जवळचा आहे : आमच्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं, तुमच्या दारात बोरीचं झाड, म्हणून आपण नातलग!

पण मला वाटतं, नामाच्या मागे लागूच नये. हा फरक मराठीने क्रियापदांत ठेवला आहे. ‘अर्थ लागला’ म्हटलं की तो आपसूक उलगडला. ‘लावला’ म्हटलं की माणूस आला, पण त्यात दोष नाही. ओवीचा अर्थ लावावाच लागतो. ‘तू भलताच अर्थ काढलास’ यात तक्रार आली. आणि ‘लादला’ म्हणजे चित्रपट नको म्हणत असताना त्याच्या डोक्यावर ठेवला.

‘फँड्री’ हा मराठी चित्रपट घ्या. शीर्षकच कैकाडी भाषेतलं, अर्थ डुक्कर. त्यातल्या काळ्या चिमणीला अर्थ आहे असं म्हणणारा प्रेक्षक काही लादत नाही. तिची राख टाकली की आवडती मुलगी आपली होईल, असं त्यातला नायक जब्या स्वतःच मानतो आणि रानोमाळ तिच्या मागे फिरतो. शेवटी त्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या दिशेने येतो. तिथे अर्थ लागतोच, लावायची गरज पडत नाही. पण त्याच चित्रपटातल्या एखाद्या शर्टाच्या रंगावर कुणी पानभर लिहिलं, तर मी आधी विचारीन : तो रंग पुन्हा कुठे येतो?

प्रश्न (पेडणे) : म्हणजे दिग्दर्शकाच्या मनात नसलेलं सगळं लादलेलंच? 2004पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात भरतो, तेव्हापासून दिग्दर्शकालाच उभं करून ‘यातून काय सुचवायचं होतं?’ असं विचारायची आपल्याला सवय लागली आहे.

उत्तर (फोंडा) : नाही, आणि त्या सवयीचं मला खरंच वाईट वाटतं. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने आपल्या ‘काव्यप्रकाश’ ग्रंथात ‘सूर्य मावळला’ एवढंच वाक्य घेतलं आहे. गुराख्याला ते गुरं वळवायला सांगतं, प्रेयसीला भेटीची वेळ झाल्याचं. वक्ता, श्रोता, प्रसंग बदलला की व्यंग्यार्थ, म्हणजे सुचवला जाणारा अर्थ, बदलतो. तेव्हा दिग्दर्शक ‘माझ्या मनात नव्हतं’ म्हणाला तरी अर्थ खोटा ठरत नाही. मात्र त्याला प्रसंगाचा आधार हवा. पिवळी साडी ही कदाचित वेशभूषाकाराची आवड असेल. पणजीच्या ताईंनी एवढंच सांगावं : ती साडी कधी बदलते का?

(पणजी) : बदलते. नवऱ्याचं घर सोडते त्या दिवशी ती पहिल्यांदा हिरवी नेसते. घड्याळ मात्र एकदाच दिसतं, पुढे कुठेच नाही. म्हणजे साडीचा अर्थ लागला आणि घड्याळाचा भाचीने काढला. भावोजींना तसं सांगते.