मदत हवी आहे: सत्तरच्या दशकातले दहा मराठी सिनेमे, क्रम कसा लावू?

मंडळी, आम्ही पाच-सहा जण रविवारी सकाळी रंकाळ्यावर फिरायला जातो आणि मग मिसळ. गेल्या रविवारी विषय निघाला १९७१ ते १९८० मधल्या आवडत्या मराठी सिनेमांचा. यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मिसळीच्या बिलाच्या पाठीवर आठ नावं लिहिली, त्यावर कट सांडला, आता सहाच वाचता येतायत.

'पिंजरा' (१९७२) वर हवा याबद्दल दुमत नाही. शांताराम आपल्या कोल्हापूरचे, गाणी खेबुडकरांची, त्यामुळे इथं कोण विरोध करणार? पण मला स्वतःला 'सामना' पहिला वाटतो. निळूभाऊंचा हिंदूराव आणि डॉ. लागूंचा मास्तर समोरासमोर बसतात, तेव्हा वाद घालायची इच्छाच राहत नाही. 'सिंहासन' (१९७९) तिसरा. 'जैत रे जैत' मी फक्त गाण्यांसाठी आत घेतलाय, रागावू नका.

खरी अडचण दादा कोंडक्यांची. 'सोंगाड्या' (१९७१) आणि 'पांडू हवालदार' (१९७५) ह्यांना 'सामना'च्याच तराजूत तोलायचं का? एक मित्र म्हणतो वेगळी यादी कर. मला ते पटत नाही, लोकांनी थेटरं भरली ती काय उगाच?

तर सांगा, तुम्ही कसं लावाल? आणि उरलेल्या चार जागांसाठी नावं सुचवा, शक्यतो बायकांच्या भूमिका दमदार असलेली. आमच्या यादीत 'पिंजरा'तली संध्या आणि 'जैत रे जैत'मधली स्मिता पाटील सोडल्या तर बहुतेक मिशावालेच झालेत. रविवारच्या आत कळवा राव.