मदत हवी आहे: एनआयसीयूतल्या बाळाला दुखू नये म्हणून काय विचारू, काय करू?

माझी मुलगी २९व्या आठवड्यात झाली, वजन ११५० ग्रॅम. मुंबईतच एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे, आज सहावा दिवस, व्हेंटिलेटरवर. माझं सिझेरियन झालंय, त्यामुळे पेटीजवळ फार वेळ उभं राहवत नाही.

काल माझ्यासमोर तिच्या टाचेला टोचून रक्त घेतलं. घशात नळी असल्यामुळे रडण्याचा आवाज येत नाही. नुसता चेहरा आक्रसला, तोंड उघडलं, बोटं फाकली. भेटायला आलेल्या काकू म्हणाल्या, "एवढ्याशा जिवाला काय कळतंय!" त्यांना काय बोलणार, १९८०च्या दशकापर्यंत कित्येक डॉक्टरही तसंच मानत. इंदूरला शिकलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की ऑपरेशनच्या वेळी फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिलं तर अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी होतो.

हिलाही चार दिवस फेंटानिलची ड्रिप होती. तेव्हा निपचित पडायची म्हणून मी घाबरायचे. आता ड्रिप कमी करतायत, तर दुखत असेल म्हणून घाबरते. डॉक्टर म्हणाले, त्या औषधाने श्वास आणि आतडी दोन्ही मंदावतात, म्हणून कमी करायचंच. पटलं. पण टोचणं तर चालूच आहे ना? राउंडला दोन मिनिटं मिळतात. त्यात नेमकं काय विचारू?

प्रतिसाद १
ताई, आमचा मुलगा ३० आठवड्यांचा होता, आता बालवाडीत जातो. मी विचारलं होतं, "दुखतंय हे तुम्ही मोजता कसं?" चेहरा, ठोके, ऑक्सिजन बघून गुण देतात, हिचे किती येतात ते विचारा. दोन-तीन तपासण्यांचं रक्त एकदाच काढता येईल का, तेही विचारा. मिडॅझोलमचं नाव निघालं तर कशासाठी ते नक्की विचारा, कारण त्याने गुंगी येते, वेदना कमी होत नाही.

टोचण्याच्या दोन मिनिटं आधी जिभेवर आईच्या दुधाचे किंवा साखरपाण्याचे थेंब देतात. हे सिस्टरनीच द्यायचं, घरचं काही नाही. त्या हो म्हणाल्या तर तुम्ही एक हात डोक्यावर ठेवा, दुसऱ्याने पाय दुमडून पोटाशी धरा. थोपटायचं नाही, कुरवाळायचं नाही, हात नुसता स्थिर. बाळ स्थिरावलं की कांगारू केअरचंही, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरण्याचंही, विचारा.

धागाकर्ती
आज सिस्टरनी हात ठेवू दिला. तिने माझं बोट धरलं. दूध मात्र अजून पाच मिलीच निघतंय, तेवढ्यात भागेल का?

प्रतिसाद १
थेंबच लागतात, ताई. पाठवत राहा.