१५१० साली आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज अल्बुकर्क, तेव्हा आसामात कोण?

मांडवीकाठ: पोराच्या प्रोजेक्टसाठी १५१० सालचं शोधत होतो, आदिलशाही, अल्बुकर्क, सगळं घोटलेलंच, आणि मध्येच दिसलं की त्याच वर्षी आसामच्या आहोम राजा सुहुंगमुंगने प्रजेची शिरगणती केली. आपल्याला आहोम म्हटलं की मोगलांशी लढलेला सेनापती लाचित बरफुकन नि त्याची सराईघाटची लढाई, बस. हा राजा कोण? आणि आग्नेय आशियातून आलेल्या ताई वंशाचा माणूस 'स्वर्गनारायण' असा हिंदू किताब लावणारा कसा झाला?

बुरंजीवाला: १४९७ ते १५३९, बेचाळीस वर्षं गादीवर. दिहिंग नदीकाठी बकता इथे राजधानी केली म्हणून दिहिंगिया राजा. शिरगणतीचं कारण सरळ आहे बाब, पगारी फौज नव्हती, लढाई असो की बांध घालणं, प्रजेनेच पाळीपाळीने राबायचं, मग किती पुरुषमाणसं हाताशी आहेत ते कळायला नको? ती पाइक पद्धत नीट बसवली पुढे सतराव्या शतकात मोमाई तामुली या आहोम अधिकाऱ्याने, पण मोजायची सवय आधीची. १५२३-२४ ला शेजारचं चुटिया राज्य घेतलं, सदियाला स्वतःचा अधिकारी बसवला, सदियाखोवा गोहाईं. राज्य एवढं पसरलं की हिंदू प्रजा भरपूर झाली, मग किताबही त्यांना पटेल असा घेतला, हे आपलं माझं मत. बुढागोहाईं-बरगोहाईं या दोन मोठ्या मंत्रिपदांच्या जोडीला बरपात्रगोहाईं हे तिसरं पद काढलं तेही त्यानेच.

डिचोलीकार: सगळं कारकुनीच सांगितलंत हो! तुर्बक कुठे गेला? हा मुसलमान सेनापती १५३२ ला बंगालकडून चालून आला, सुरुवातीला आहोमांना चांगलाच मार बसला, फ्रासेंगमुंग बरगोहाईं पडला. त्याची बायको मूला गाभरू. तिकडे रीत अशी की बायकोने एका रात्रीत सूत कातून, कापड विणून ते नवऱ्याला लढाईला जाताना द्यायचं, कवच कापोर म्हणतात. तिला ते जमलं नव्हतं असं सांगतात. नवरा गेल्यावर ती स्वतः हत्यार घेऊन उतरली आणि लढतच गेली. पुढच्या वर्षी भराली नदीजवळ तुर्बक मारला गेला, आहोम फौजेने पळणाऱ्यांचा पाठलाग थेट करतोया नदीपर्यंत केला, हत्ती, घोडे, तोफा, बंदुका सगळं हाती लागलं. मला विचाराल तर शिरगणतीपेक्षा ही लूट मोठी, दारूगोळा वापरायला हे लोक फार पटकन शिकले.

मांडवीकाठ: भारीच. मग १५३९ ला काय झालं, म्हातारपण?

बुरंजीवाला: कसलं म्हातारपण. झोपेत भोसकला, रतिमान नावाच्या कछारी नोकराने, आणि कट पोराचाच म्हणतात. तीनच वर्षं आधी, १५३६ ला, शेजारच्या कछारी राज्याची राजधानी दिमापूर घेऊन त्यांचा राजा मारला होता, नोकर त्यांच्यातलाच. पोरगा सुक्लेनमुंग गादीवर बसला आणि राजधानी गडगावला हलवली.

डिचोलीकार: आणि ह्याच्या नावाने एक धडा नाही आपल्या पुस्तकात. चराइदेवला आहोम राजांचे मैदाम आहेत, दफनाचे मातीचे ढिगारे, २०२४ ला युनेस्कोच्या यादीत गेले. पोराला प्रोजेक्टमध्ये त्याचा फोटो लावायला सांगा, बाई खूश होतील.